न्हाणी बघणाऱ्या किस्नाबाई

किस्नाबाई कुणाच्याही घरी गेल्या की आधी न्हाणी बघायच्या. बाळंतीण बाजेवर कण्हत असो, घरधनी दारात हात जोडून उभा असो, सासूने चुलीवर चहाचं आधण ठेवलेलं असो, त्या पिशवी उंबऱ्याशी टेकवून म्हणायच्या, "हात धुवायचेत. न्हाणी कुठंय?" हात धुवायला माणसाला वेळ तो किती लागतो? किस्नाबाईंना बराच लागायचा. बाहेर आल्या की पदराला हात पुसत घरातल्या एकेका माणसाकडे अशा बघायच्या की नको तो चहा, असं सगळ्यांना होऊन जायचं.

त्या कुरुळीच्या सरकारी दवाखान्यातल्या सुईण. कागदावर 'नर्स' असं होतं, पण गावाने त्यांचं 'किस्नाबाय' करून टाकलं होतं. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, तेही नाशिक रस्त्यावर गाडी बंद पडली नाही तर. बाकीचे सहा दिवस दवाखाना म्हणजे किस्नाबाईच. मी तिथल्या शाळेत नवीन लागले होते, वय बावीस, पुण्याबाहेर पहिल्यांदाच राहत होते. एकटी बाई म्हणून गावाने मला दवाखान्यामागच्या दोन खोल्यांपैकी एक दिली. दुसऱ्या खोलीत किस्नाबाई. मधे कुडाची भिंत. त्या तपकीर ओढायच्या आणि शिंका मला यायच्या.

उंच, हाडापेराने मोठी बाई. पन्नाशीला आलेली. नवऱ्याचा विषय निघाला तर "होता" एवढंच म्हणायच्या आणि पुढे कुणी विचारायची हिंमत करत नसे. पायात चांभाराकडून बनवून घेतलेल्या पुरुषी वहाणा. त्या वाजल्या की आळीतल्या सासवा एकदम कामाला लागत आणि सुना दाराआडून डोकावत. स्वभाव तापट. मला त्या 'मास्तरीण' म्हणायच्या आणि माझी थट्टा करायची एकही संधी सोडायच्या नाहीत. "तुझं आयुष्य म्हणजे दुरेघी वही आहे बघ, मास्तरीण. रेघेबाहेर काही जातच नाही." मला राग यायचा. खोटं नव्हतं म्हणून जास्तच यायचा.

न्हाणीचं प्रकरण मला कळलं ते माझ्याच बावळटपणामुळे. त्यांच्याबरोबर दोन-तीन घरी गेले तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. पोटुशी बाईच्या पाठीवर, दंडावर, कधी बरगडीखाली काळंनिळं दिसायचं. किस्नाबाई विचारायच्या, "काय झालं?" आणि उत्तर ठरलेलं असायचं: "न्हाणीत पाय घसरला." वरच्या आळीत तेच, खालच्या आळीत तेच. मी आपली काळजीत पडले. आरोग्याच्या तासाला मुलींना उभं करून शिकवलं की न्हाणी रोज राखेने घासावी, शेवाळ साठू देऊ नये, गरोदर बायकांना इजा होते. आणि मोठ्या अभिमानाने हे किस्नाबाईंना सांगितलं.

त्या इतक्या हसल्या की ठसका लागला. पाणी प्यायल्या. मग भांडं खाली ठेवलं.

"मास्तरीण, घसरलेली बाई ढुंगणावर पडते, नाहीतर हात टेकते. दोन्ही दंडांवर चार-चार बोटं कशी उमटतील गं? मी त्या न्हाण्यांचे दगड हाताने चाचपून बघते. टाकीचे घाव घातलेले खरखरीत दगड. माशीसुद्धा घसरायची नाही."

"मग बायका खोटं का बोलतात?"

"कारण सासू शेजारी उभी असते. आणि खरं बोललं तर मी जाईन माझ्या घरी, ती राहील तिथंच." त्यांनी डबी उघडली, पण तपकीर घेतली नाही. "पोटुशी असली की मार कमी होईल असं वाटतं ना तुला? वाढतो. का वाढतो ते मला विचारू नकोस. मी नुसती बघते."

नुसतं बघायच्या असं काही नव्हतं. न्हाणीतून बाहेर आल्या की घरातल्या सगळ्यांदेखत म्हणायच्या, "दगड चांगला आहे तुमचा. इथं कुणी घसरायचं नाही. यापुढे कुणी घसरलं तर मी चाकणहून फौजदाराला न्हाणी दाखवायला घेऊन येईन." फौजदार असल्या कामाला आला असता की नाही, देव जाणे. पण बऱ्याच घरांतल्या सुनांचं घसरणं त्यानंतर थांबलं.

त्यांच्या पिशवीत औषधं, कात्री, दोरा यांच्याबरोबर एक लोखंडी बिजागरी असायची. दाराची असते तशी, जुनी, गंजलेली. मला वाटायचं कुठली तरी मोडलेली पेटी दुरुस्त करायची असेल. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "ती माझी उशी आहे." आणखी खोदून विचारल्यावर, बऱ्याच दिवसांनी, एका रविवारी तांदूळ निवडता निवडता सांगितलं.

बाळंतिणीच्या उशाखाली लोखंड ठेवायचं, वाईटसाईट जवळ येत नाही, हे आपल्याकडे घरोघर चालतं. बहुतेक ठिकाणी विळा ठेवतात, कुठे सुरी. आधीच्या गावी किस्नाबाई एका बाळंतिणीला रोज बघायला जात. बाळाचं वजन बघितलं, टाके बघितले, ताप बघितला, दूध उतरलंय का ते बघितलं. निघताना सासूला विचारलं, कशी आहे? सासू म्हणाली, शांत आहे हो, आवाज नाही तिचा. किस्नाबाईंना बरं वाटलं. शांत आहे म्हणून त्या दोन दिवस गेल्याच नाहीत.

"तिसऱ्या दिवशी तिने उशाखालचा विळा काढला," त्या म्हणाल्या. तांदळातला खडा बाजूला ठेवला. "सगळं विचारलं मी, मास्तरीण. तिला मात्र काही विचारलं नाही."

तेव्हापासून 'शांत' या शब्दाची त्यांना भीती बसली होती. गोंधळ घालणारी, रडणारी, सासूला उलट बोलणारी बाळंतीण दिसली की त्या खुशीत यायच्या. आणि विळा दिसला की तो काढून हातात बिजागरी द्यायच्या. "लोखंडच हवं ना? हे घ्या, चांगलं पावशेरभर आहे." कुणी कुरकुर केली तर म्हणायच्या, "विळ्याने एकच भूत कापतं. बिजागरी दार लावून घेते, सगळीच बाहेर राहतात." हे शास्त्र त्यांचं स्वतःचं होतं. पण इतक्या ठामपणे सांगायच्या की म्हाताऱ्या माना डोलवायच्या.

आणि बाईजवळ बसून विचारायच्या, "काय झालं?" ती म्हणाली, 'जाऊ द्या, झालं ते झालं,' की त्यांचं एक वाक्य होतं: "झालं ते झालं म्हणू नकोस. झालं ते सांग."

आता यमुनेचं सांगते. खरं तर किस्नाबाई म्हटलं की मला यमुनाच आठवते.

पिंपरीला नुकताच औषधाचा कारखाना निघाला होता. आसपासच्या गावांतली पोरं सायकली मारत तिकडे जायला लागली होती, आणि शेतकऱ्यांच्या घरांत 'पाळी' हा शब्द पुरुष मोठ्याने बोलू लागले होते. सकाळची पाळी, दुपारची पाळी. यमुनेचा नवरा शंकर तिथे लागला होता. गुणी पोरगा म्हणून गावात नाव. देवळात भजनाला पखवाज वाजवायचा, वडीलधाऱ्यांना बघून सायकलवरून उतरायचा. यमुना सडपातळ, गव्हाळ, पंचवीस वर्षांची. पहिली मुलगी सखू तीन वर्षांची, आणि आता दुसरं पोटात. किस्नाबाई म्हणायच्या, "त्याची पाळी चुकली तर कारखान्यात बोलणी बसतात. हिची चुकली तर घरात मार बसतो." हे ऐकून मी आधी हसले आणि मग मला माझी लाज वाटली.

सातव्या महिन्यात आम्ही त्यांच्या घरी गेलो. रविवार होता, मला दुसरा उद्योग नव्हता म्हणून मी गेले होते. यमुनेच्या डाव्या बरगडीखाली पोटाच्या वळणापर्यंत निळं पडलं होतं. किस्नाबाईंनी अजून तोंड उघडलं नव्हतं तोच सासू सरूबाई म्हणाल्या, "न्हाणीत पाय घसरला, बाई. या की, बघा न्हाणी."

आजवर किस्नाबाईंना न्हाणी बघायला कुणी बोलावलं नव्हतं. मला तेव्हाच चमत्कारिक वाटलं. किस्नाबाई आत गेल्या, आणि धाडकन आवाज आला. सरूबाईंनी दगडावर रिठ्याचा फेस ओतून ठेवला होता. त्यात किस्नाबाई उताण्या पडल्या होत्या, उजवा हात अंगाखाली. मी धावले. त्या पडल्या जागेवरून म्हणाल्या, "सरूबाई, तुमच्या घरात आज पहिल्यांदा कुणीतरी खरंच घसरलं."

यमुना पदर तोंडावर धरून हसली. तिला हसताना मी त्यानंतर कितीतरी महिने पाहिलं नाही.

उजव्या मनगटाचं हाड सरकलं होतं. चाकणला जाऊन बसवून घेतलं, पण ते नीट बसलं नाही. त्यानंतर किस्नाबाईंच्या उजव्या हाताला भरलेलं भांडं पेलवत नसे, थरथरायचं. तो हात गळ्यात बांधूनच त्या दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या. शंकर पाळीला निघाला होता. त्यांनी डाव्या हाताने सायकलचं हँडल धरलं.

"बरगडीखाली लाथ कुणाची?"

"बाई, घरातली गोष्ट हाय."

"पोटातलं मूल वेळेआधी आलं तर मला बोलावशील ना? मग ती माझीपण गोष्ट आहे."

शंकर मान खाली घालून उभा राहिला. राग नव्हता त्याच्या तोंडावर. आपण धरले गेलो, याचा त्रास होता. "चूक झाली," म्हणाला. किस्नाबाईंनी हँडल सोडलं. मला नंतर म्हणाल्या, "चूक झाली म्हणाला. केली म्हणाला नाही."

मूल वेळेआधीच आलं, जवळजवळ महिनाभर आधी. मुलगी. ओंजळीएवढी. किस्नाबाईंनी कापसात गुंडाळून, अंगाशी धरून तिला पहिले दोन दिवस जगवलं. चौथ्या दिवशी सकाळी त्या माझ्या दारात आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बघून मला वाटलं पोर गेलं.

"पोर बरी आहे," त्या म्हणाल्या. "सरूबाई म्हणतात, यमुना लई शांत हाय."

यमुना तीन दिवस झोपली नव्हती. डोळे उघडे, आढ्याकडे. पोर रडली तरी वळत नव्हती. अंगावर घे म्हटलं तर घ्यायची, पण भाड्याने आणलेली वस्तू धरावी तशी धरायची. किस्नाबाई तिच्या बाजेशी तासभर बसल्या. किती वेळा विचारलं असेल, कोण जाणे. शेवटी यमुना हळूच म्हणाली, "ह्ये माझं न्हाई. माझं नेलं आणि ह्ये ठेवलं."

"कुणी नेलं?"

"तुमाला ठावं हाय."

सरूबाईंनी कपाळावर हात मारला. बाहेरचं लागलं, म्हणाल्या, सटवीचा फेरा आहे, रविवारी देवरुशी येणार आहे, तो उतरवून टाकील. किस्नाबाईंनी उशाखाली हात घातला. विळा होता. नवीन पाजळलेला. त्यांनी तो काढून बिजागरी ठेवली आणि विळा स्वतःच्या पिशवीत टाकला. सरूबाई कडाडल्या, "बाई, घरात काय ठिवायचं आन् काय न्हाई, त्ये आमी बघू." किस्नाबाई एरवी कुणाचं ऐकून घेणाऱ्या नव्हत्या. त्या दिवशी हात जोडले. म्हणाल्या, "सरूबाई, पायाला हात लावते. हिला एक घटकाही एकटी सोडू नका. हा आजार आहे. बाळंतपणातच होतो आणि बराही होतो. पण ती घटकाभरसुद्धा एकटी राहता कामा नये." हात जोडलेल्या किस्नाबाई बघून मला धडकी भरली.

त्या दिवसातून तीनदा जायला लागल्या. डॉक्टरांना चिठ्ठी पाठवली, पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं असं उत्तर आलं. शंकर म्हणाला, रविवारी देवरुशी येऊन जाऊ द्या, मग बघू. वेड्यांच्या दवाखान्यात बायको नेली असं गावाने म्हटलेलं त्याला नको होतं.

शनिवारी शाळा सकाळची. सुटली तशी मी किस्नाबाईंबरोबर गेले, कारण त्या दोन दिवस जेवल्या नव्हत्या आणि मला त्यांचीच काळजी वाटायला लागली होती. अकरा वाजून गेले होते. आळीत सामसूम, माणसं रानात. दार उघडं. सरूबाई नव्हत्या. शेजारी शेळीचं दूध आणायला गेल्या होत्या, हे नंतर कळलं. सखू ओट्यावर एकटीच सागरगोटे खेळत होती.

आत बाज रिकामी होती. पोरही नव्हती.

शेगडीजवळ बाळाला लावायच्या तेलाची वाटी ठेवली होती, काठोकाठ भरलेली. किस्नाबाईंनी ती का उचलली, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. वाटी घेऊन त्या मागच्या दाराने बाहेर पडल्या. मी मागे. परसाच्या टोकाला विहीर होती. यमुना काठावर बसली होती, पाय आत सोडून. पोर मांडीवर, फडक्यात गुंडाळलेली. दोन्ही हात तिच्याखाली घालून तिने ती थोडी पुढे धरली होती.

मी ओरडणार होते. किस्नाबाईंनी मागे न बघता हाताने मला थांबवलं. मग त्या चालायला लागल्या. दबकत नाही. वहाणा वाजवत, रोज आळीतून चालायच्या तशा. आणि बोलायला लागल्या ते रोजच्या खेकसण्याच्या आवाजात.

"यमुने, पोरीची टाळू भरायची राहिली आणि तू इथं येऊन बसलीस होय? तेल कोमट केलेलं गार व्हायला लागलं. मी म्हातारीने किती हिंडायचं तुझ्यामागे?"

यमुना हलली नाही. किस्नाबाई तिच्यापाशी पोचल्या, उजव्या हाताने वाटी पुढे केली. तो मोडका हात थरथरत होता. तेल काठावरून ओघळलं, मनगटावर आलं, दगडावर टपटप पडायला लागलं.

"अगं धर, धर! शनिवारचं तेल सांडतंय!"

यमुनेने वळून बघितलं. किस्नाबाईंकडे नाही, वाटीकडे. मी आजही शपथेवर सांगेन, त्या क्षणी तिच्या तोंडावर पहिल्यांदा काहीतरी उमटलं. घरातल्या बाईचा वैताग. ज्या घरात शनिवारी तेल विकत आणत नाहीत, तिथे ते दगडावर सांडतंय. तिने पोर उचलून किस्नाबाईंच्या डाव्या हातावर ठेवली आणि दोन्ही हातांनी वाटी धरली.

मी तोवर मागे येऊन पोचले होते. किस्नाबाईंनी पोर तशीच मागे माझ्याकडे सरकवली. मी घेतली. मग त्यांनी यमुनेचा दंड धरला, तिला काठावरून मागे ओढलं आणि तिच्यासकट खाली मातीत बसल्या. यमुनेने वाटी सांडू दिली नाही. धरूनच बसली होती.

मी पुढे एकदा विचारलं, "तुम्ही मुद्दाम सांडलंत ना?" किस्नाबाई म्हणाल्या, "हात दुखत होता गं." एवढंच. ते खरं होतं की खोटं, मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

सरूबाई दुधाचं भांडं घेऊन मागच्या दारात उभ्या होत्या. किती वेळ, कोण जाणे. त्या आल्या आणि यमुनेशेजारी बसल्या. मला वाटलं आता रडारड होणार, देवाला साकडं घालणार. तसं काही झालं नाही. त्यांनी पाठीवरचा पदर सरकवला आणि चोळीच्या वर मानेजवळचा एक पांढरा वळ किस्नाबाईंना दाखवला.

"दुसऱ्या बाळंतपणाला मला बी असंच झालं हुतं," त्या म्हणाल्या. "सासूनं देवरुशी आणला. वेताची छडी. खाली कंबरंपतुर हाईत. आन् त्ये पोर बी ऱ्हायलं न्हाई."

किस्नाबाईंनी तो वळ बोटाने चाचपून बघितला. "मग हिच्यासाठीही देवरुशीलाच बोलावलंत?"

"दुसरं काय करायचं असतंय, ठावं न्हवतं बाई. कुणी सांगितलंच न्हाई."

मला रिठ्याचा फेस आठवला आणि सरूबाईंचा जो राग मी दोन महिने मनात धरला होता तो कुठे ठेवावा, ते कळेना.

दुपारी चारच्या सुमाराला शंकर सायकल घेऊन दारात आला. किस्नाबाई ओट्यावरच बसून होत्या. त्यांनी त्याला विहिरीचं सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. खाली बसून तो रडला, आणि रडता रडता म्हणाला, "पर बाई, मी काय एकटाच मारतो का गावात?"

"नाही," किस्नाबाई म्हणाल्या. "म्हणून तर मला इथं काम पुरतं." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "हा आजार तुझ्या मारण्यानेच आला असं मी म्हणणार नाही, मला तेवढं कळत नाही. तुझ्या आईला काय, हिला काय, कसा येतो ते मोठ्या डॉक्टरांनाही धड ठाऊक नसेल. पण मार खाणारी बाई त्यातून वर येताना मी पाहिली नाही. हिला बरी करून तुझ्या हातात द्यायची आणि परत तू तेच करायचं, असं असेल तर आत्ताच सांग. मी तिला तिच्या आईकडे सोडते."

रविवारी देवरुशी आला तेव्हा सरूबाई त्याला दारातूनच म्हणाल्या, "सून पुण्याला गेली, दवाखान्यात." खरं तर शंकर कबूल झाला होता तरी सोमवारी सकाळच्या गाडीने नेणार होतो, ती अजून आत बाजेवर होती आणि किस्नाबाई तिच्या उशाशी.

यमुना दोन महिने पुण्याला होती. किस्नाबाई दर आठवड्याला जाऊन यायच्या. परत आली ती आधी माहेरी, हा किस्नाबाईंचाच हट्ट. पोरीला सरूबाईंनी शेळीच्या दुधावर वाढवलं. दिवाळीनंतर यमुना सासरी आली. थोडी जाड झाली होती, बोलताना मधेच शब्द विसरायची, पण पोरीला उचलायची ते आपली म्हणून. शंकर सुधारला असं लिहिलं तर किस्नाबाई माझा कान धरतील. एकदा त्याचा हात पुन्हा उठला. सरूबाई मधे गेल्या आणि म्हणाल्या, "आधी मला मार." त्यानंतर उठल्याचं मी ऐकलं नाही. ऐकलं नाही, एवढंच म्हणता येईल.

गावातल्या चार जाणत्यांना मात्र हे रुचलं नव्हतं. बाई न्हाण्या बघत हिंडते, घरं मोडते, असा अर्ज वर करायचं ठरलं. अक्षर चांगलं म्हणून तो लिहायला माझ्याकडे आले. मी सांगितलं, शाई संपली. माझं सगळं शौर्य एवढंच. अर्ज दुसऱ्या कुणी लिहिला आणि किस्नाबाईंची बदली झाली, लांब, पार नगरच्या पलीकडे.

आणि नेमकी तेव्हा यमुना पुन्हा पोटुशी होती. एकदा झालं ते पुन्हा होऊ शकतं, हे किस्नाबाईंनी तिला, सरूबाईंना आणि शंकरला एकत्र बसवून आधीच सांगितलं होतं. हुकूम आला तेव्हा त्यांनी रजा टाकली. "नोकरी गेली तर गेली," म्हणाल्या, "बाळंतपण झाल्याशिवाय मी हलणार नाही." मुलगा झाला. आठवडाभर सगळं ठीक होतं. मग वरून दुसरं पत्र आलं, लगेच रुजू व्हा म्हणून, आणि त्याच दिवशी सरूबाई धावत आल्या. यमुनेला दोन रात्री झोप नव्हती.

जायचा दिवस ठरला होता. दुपारची एकची गाडी. किस्नाबाईंची ट्रंक मी नाशिक रस्त्यावर आणून ठेवली. त्या सकाळीच यमुनेकडे गेल्या होत्या, "बघून येते" म्हणून. एक वाजत आला, त्यांचा पत्ता नाही. लांबून गाडीची धूळ दिसायला लागली. मी ट्रंक एका पोरावर सोपवून पळत सुटले.

आळीत सामसूम. यमुनेच्या घराचं दार बंद. भर दुपारी बंद. आतून ना बाळाचा आवाज, ना भांड्याचा, ना बोलण्याचा. मागच्या परसाकडे वळावं की दार ठोठावावं हे सुचेना.

मग कुंपणाच्या आत पाऊल टाकलं तेव्हा दिसलं, दाराला पाठ लावून उंबऱ्यावर किस्नाबाई बसल्या होत्या. वहाणा काढून बाजूला ठेवलेल्या. समोर अंगणात शंकर जमिनीवर बसला होता, पाळीचे कपडे अंगावर, तेव्हाची ओंजळीएवढी लहानी त्याच्या मांडीवर. सरूबाई सखूला घेऊन गोठ्याच्या सावलीत. कुणी हलत नव्हतं. मी तोंड उघडणार तोच किस्नाबाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

"झोपलीय," त्या जवळजवळ नुसत्या ओठांनी म्हणाल्या. "बाळसुद्धा. दोन तास झाले."

रस्त्यावरून गाडीचा भोंगा ऐकू आला. एकदा, मग पुन्हा. मी हाताने खूण केली, गाडी. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. शंकरच्या मांडीवरची पोर चुळबुळली तसं त्यांनी डोळे वटारले, आणि त्या गुणी पखवाजवाल्याने घाबरून पोरीला छातीशी घट्ट धरलं. गाडी गेली. तिचा आवाज मोशीच्या बाजूला विरत गेला तरी किस्नाबाई तशाच बसून होत्या, डोकं दाराला टेकून, आतला श्वास ऐकत असल्यासारख्या. इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता, आणि त्याचं मला फार रडू आलं.

दुसरी गाडी चारला होती. माझी दुपारची शाळा होती म्हणून मी परत गेले. त्यानंतर त्या मला भेटल्या नाहीत. यमुना साडेतीनला जागी झाली, असं सरूबाईंनी मग सांगितलं. तिने आधी बाळाला जवळ मागितलं, मग भाकरी मागितली, आणि भाकरी पोटात गेल्यावर किस्नाबाई उठल्या.